बुधवारचं लाल औषध

१

फ्रिज उघडला आणि डॉक्टर जुमाबेकच्या तोंडचं पाणीच पळालं. मधला कप्पा रिकामा. चांदीच्या कागदात गुंडाळलेली, वर ठळक अक्षरांत 'शार्शेंबी' म्हणजे बुधवार असं लिहिलेली डबी तिथे असायला हवी होती. आज बुधवारच होता, डोसचा दिवस. कुलूप जागच्या जागी होतं, त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानं पोलिसांना फोन केला नाही. तो धावत खाली गेला आणि अनारकुल एजेला घेऊन आला. अनारकुल तोकोयेवा जिल्ह्याच्या गुन्हे खात्यातून निवृत्त झालेली बाई. आता तोरू-बुलाकच्या या मुलांच्या दवाखान्यात पहारा आणि कोठारं सांभाळायची. अख्खं गाव तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचं आणि जरा वचकूनच असायचं. खारट दुधाच्या चहाचा कप हातात तसाच घेऊन ती वर आली.

"पोलीस का नाही बोलावलेस?"

"एजे, पोलीस आले की फ्रिजला सील, वॉर्डाला सील, औषधाच्या परवानगीलाही सील. नवी डबी परदेशातून यायला महिना लागतो. अरुकेकडे महिना कुठला?"

"मग किती वेळ आहे तिच्याकडे?"

"ग्लुकोज लावून आजचा दिवस कसाबसा ओढतो. उद्याचं मला विचारू नका."

अनारकुलनं काचेतून पाहिलं. आठ-नऊ महिन्यांची अरुके डोळे अर्धवट मिटून पडली होती. सकाळपासून दुधाचा थेंब पोटात ठरला नव्हता. एवढीशी पोर, पण रडायचंही तिच्यानं होत नव्हतं. न रडणारं आजारी मूल अनारकुलला बघवायचं नाही. 

आजार आईबापांकडून आलेला. ब-बारा जीवनसत्त्व अरुकेच्या अंगात जायचं, पण अंगाला ते वापरताच यायचं नाही. नुसतं साचून राहायचं आणि रक्तात आम्ल चढायचं. डॉक्टरनं मागे समजावलं होतं, की साधं जीवनसत्त्व म्हणजे कुलूपबंद पेटी आणि या पोरीकडे किल्लीच नाही. म्हणून रसायनवाल्यांनी त्या जीवनसत्त्वाची घडण थोडी बदलली आणि पेटी उघडूनच हातात दिली. लालभडक औषध होतं. उजेड लागला की नासायचं, ऊब लागली की नासायचं. आणि ते मिळायला लागल्यापासून पोर हसायला लागली होती.

"चाव्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक बेर्मेत सिस्टरकडे."

अनारकुल गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली. फ्रिजखालची फरशी ओली होऊन वाळलेली होती, कडेनं पांढरट डाग उठले होते. "हा फ्रिज काल बंद पडला होता. तुला माहीत नाही?"

"काल मी राजधानीत बैठकीला होतो. मला कोणी काही बोललं नाही."

"अरे देवा! शुक्रवारी जन्मलास म्हणून आईबापांनी जुमाबेक नाव ठेवलं, ते बरोबरच केलं. सुट्टीचं डोकं घेऊन फिरतोस. दुरुस्त कुणी केला?"

"आपला वायरमन. मक्सात."

नाव उच्चारल्यावर दोघांचीही नजर काचेपलीकडे गेली. मक्सातची मुलगी पलीकडच्याच खाटेवर होती. तसलाच आजार होता तिला आणि हे औषध तिला मिळत नव्हतं.

२

मक्सात जिन्याखाली पक्कड हातात घेऊन नुसता बसला होता.

"या एजे," तो म्हणाला. "माझ्याकडेच येणार, ठाऊक होतं मला."

"मग वेळ घालवू नकोस. अर्ध्या औषधासाठी डॉक्टरच्या मागे लागला होतास ना?"

"लागलो होतो. पायही धरले. बाप आहे मी, लाज कसली धरायची? ते म्हणाले, तुझ्या पोरीत बिघाड जरा वेगळ्या जागी आहे, तिची परवानगी वेगळी यायला हवी, नाहीतर भलतंच काही व्हायचं. थांबलोय. दुसरं काय करू?"

"काल फ्रिज उघडलास तेव्हा आत काय होतं?"

"काही नाही. डबी नव्हती, बर्फाच्या थैल्या नव्हत्या. आतला तो चिमुकला थर्मामीटर असतो ना, तोही नव्हता."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"बेर्मेत सिस्टर शेजारीच उभ्या होत्या, एजे! त्यांनीही बघितलं. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांनीच कुठेतरी गारव्याला ठेवली असेल." त्यानं पक्कड खाली टाकली. "मी घेतली असती तर कुणासाठी घेतली असती? जा, माझ्या पोरीकडे बघा. औषध पोटात गेलेलं पोर असं दिसतं का?"

अनारकुल खरंच जाऊन बघून आली. मक्सातची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दंडावर जुन्या इंजेक्शनांचे तेवढे डाग होते.

व्हरांड्यात उभं राहून ती विचार करू लागली. विकायला चोरणारा डबी उचलतो आणि पळतो. थर्मामीटर कशाला नेईल? ज्यानं कुणी नेलं त्याला औषधाची काळजी होती. चोराला एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली?

तिनं वर पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला बेर्मेत उभी होती, कपाळ खिडकीच्या काचेला टेकवून.

३

खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसत होतं. बेर्मेत वसंतात लग्न होऊन आलेली पोर. सासर वरच्या खोऱ्यात, नोकरी इथे. डोक्याचा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला असायचा आणि आवाज कधी चढलेला नसायचा. वॉर्डातल्या बायकांना तिचं कोण कौतुक.

"फ्रिज बिघडला कधी?" अनारकुलनं विचारलं.

"मंगळवारी दुपारी, एजे. हात लावला तर आत कोमट लागलं."

"आणि आज सकाळी? बुधवारी सकाळी तू काय पाहिलंस?"

"आज… आज मी नेहमीच्या वेळेला आले."

"डोस कोणत्या वारी असतो?"

बेर्मेतनं ओठ दाबले. "मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी."

"मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी! कोड्यात बोलायला इथे लग्न लागलंय का कुणाचं?"

पोरीनं रुमाल आणखी पुढे ओढला. अनारकुलनं जन्मभर चोर पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस जिथे अडकलेला असतो नेमकं तेच नाव टाळतो, हे तिनं कितीदा अनुभवलं होतं. ही पोर दोनदा बुधवारपाशी येऊन वळसा घालून गेली होती.

"बेर्मेत, तिकडे पोर मरायला टेकलीय. डबी कुठे आहे?"

"येईल," बेर्मेत पटकन बोलून गेली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"काय येईल?"

"काही नाही, एजे. मला काही माहीत नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण त्या पाण्यातूनही ती फाटकाकडेच बघत होती.

तेवढ्यात आतून डॉक्टरची हाक आली. अरुकेला झटका आला होता.

४

झटका थांबला, पण डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "संध्याकाळपर्यंत," तो एवढंच म्हणाला. "त्याच्या आत मिळालं पाहिजे. नाहीतर मी पोलिसांना बोलावतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

वॉर्डाच्या दाराशी धूर झाला होता. अरुकेची आजी, बात्मा आपा, तव्यावर अद्रश्मानची वाळकी पाती जाळून नातीची दृष्ट काढत होती. आई मॉस्कोत कामाला, बापाचा पत्ता नाही. पोरीचं सगळं ही म्हातारीच करायची.

"आपा, तू म्हणाली होतीस ना, ते लाल पाणी उकिरड्यावर ओतीन म्हणून?" अनारकुलनं खोकत विचारलं.

"म्हणाले होते!" म्हातारी उसळली. "रक्तासारखं पाणी बघून कुणाचं काळीज थाऱ्यावर राहील? पण पहिल्या डोसानंतर पोरीनं माझं बोट घट्ट धरलं. तिथून पुढे एका शब्दानं बोलले असेन तर जीभ झडो माझी. आणि चाव्या त्या बेर्मेतच्या गळ्यात, मी काय कुलूप चावून उघडू? दात तरी आहेत का मला?"

"बेर्मेतनं काल काही केलं? कुठे गेली, कुणाशी बोलली?"

"खाली फाटकापर्यंत गेली होती, पिशवी पोटाशी धरून. आणि आज सकाळपासून बघतेय, तिथेच डोळे लावून उभी. माहेरचं माणूस येणार असल्यासारखी." म्हातारीनं तवा गोल फिरवला. "पण पोरीला बोल लावू नकोस हं. कोक-दोबोच्या शार्शेन अक्साकालची, त्या गावच्या वडीलधाऱ्याची, सून आहे ती. चांगल्या वळणाचं घर. सासऱ्याचं नाव तर सोडच, नावासारखा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. नाहीतर माझी सून बघ! मॉस्कोहून फोनवर मला 'बात्मा, ऐक' म्हणते. काय जमाना आलाय!"

अनारकुल जागीच थबकली.

"कुणाची सून म्हणालीस?"

"शार्शेनची. का गं?"

 चहाचा कप तिनं म्हातारीच्या हातात कोंबला आणि साठीची बाई व्हरांड्यातून अक्षरशः पळत सुटली.

५

तिनं बेर्मेतला हाताला धरून डॉक्टरच्या खोलीत आणलं आणि दार लावून घेतलं.

"मी बोलते, तू फक्त चुकलं तर सांग," ती म्हणाली. "काल फ्रिज बंद पडला. डॉक्टर गावात नव्हता. औषध नासेल म्हणून तू घाबरलीस. डॉक्टरच्या सहीशिवाय डबी बाहेर काढली तर परवानगी रद्द होते, हे तुला माहीत होतं. तरी काढलीस. बर्फाच्या थैल्या आणि थर्मामीटरसकट पिशवीत घातलीस आणि फाटकावर नेऊन कुणाला तरी दिलीस. ज्याच्याकडे चालू फ्रिज आहे, असं फाटकावर कोण येतं? लशींची गाडी. गाडीवाला कुबात. खरं?"

बेर्मेतनं मान हलवली. तिला हुंदका आवरेना. "कुबातदादांच्या गाडीत फ्रिज आहे. ते वर कुरणांवरच्या मुलांना लशी टोचायला निघाले होते. मी म्हटलं, जाता जाता सांभाळा आणि वेळेवर आणून द्या. सकाळी येणार होते, एजे! कुणी फ्रिज उघडायच्या आत डबी जागेवर गेली असती. पण आलेच नाहीत. फोनही लागत नाही."

"विकली त्यानं!" डॉक्टरनं टेबलावर मूठ आपटली. "सरहद्द पार करून गेलाही असेल एव्हाना. मी पोलिसांना—"

अनारकुलनं फोनवर हात ठेवला. "थांब. बेर्मेत, त्याला कधी आणायला सांगितलंस? तुझ्या तोंडून जे शब्द निघाले तेच सांग."

"म्हटलं… बाजाराच्या दिवशी सकाळी आणा."

"तो काय म्हणाला?"

"हसले. म्हणाले, मग काय, तेव्हा मी येणारच आहे."

"आणि बाजार कधी असतो?"

"मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्या जगाला माहीत आहे."

"तुझ्या कोक-दोबोच्या जगाला, बाळा! इथे तोरू-बुलाकात बाजार रविवारी भरतो. कुबात इथला. त्याच्या डोक्यात बाजार म्हणजे रविवार. त्याची फेरीही रविवारीच संपते, म्हणून तर हसला तो."

बेर्मेत मटकन खुर्चीत बसली. डॉक्टर आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिला. "पण हिनं सरळ बुधवार का नाही म्हटलं?"

"अरे शुक्रवारच्या बाळा, त्या डबीवर काय लिहिलंय? शार्शेंबी. आणि हिच्या सासऱ्याचं नाव काय? शार्शेन. तुझ्यासारखंच वारावरून पडलेलं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, नावाशी जुळणारा शब्दही घ्यायचा नाही. माझ्या सासूनं मला याच गोष्टीवरून वर्षभर छळलंय, मी पोलिसातली म्हणून ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी. मघाशी ही पोर बुधवार टाळत होती तेव्हा मला वाटलं, हिच्या मनात चोर आहे. मन स्वच्छ होतं. सासरे आडवे आले होते."

"दर आठवड्याला डोस देताना वार तर मीच वाचतो," डॉक्टर स्वतःशीच म्हणाला. "ही फक्त सुई भरते. माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

"माझ्यामुळे मरेल ती," बेर्मेत म्हणाली. "एका शब्दासाठी मी पोर मारली."

"अजून जिवंत आहे. रडायचं नंतर. कुबात आत्ता कुठे असेल?"

"कोक-दोबोच्या वरच्या कुरणावर. तिथे फोन लागत नाही. गाडी एका जागी लावून ते तंबू-तंबू हिंडतात. कुणी घोड्यावरून गेलं तरच सापडतील."

"कुणाच्या घरून रस्ता जवळ?"

 बेर्मेतनं मोबाइल काढला, नंबर लावला आणि फोन अनारकुलच्या हातात दिला. पलीकडून एक जाडाभरडा आवाज आला.

"बोला. शार्शेन बोलतोय."

६

दुपार सरता सरेना. डॉक्टर खाटेजवळून हलला नाही. बात्मा आपाची जपमाळ सुटली की पुन्हा सुरू व्हायची. मक्सातनं न सांगता फ्रिजची वायर दुसऱ्यांदा तपासली आणि मग दाराशीच उभा राहिला. अरुकेला आणखी एक झटका आला, आधीच्यापेक्षा लांब. बेर्मेत आता खिडकीपाशी जायलाही धजत नव्हती. कोपऱ्यात उभी राहून रुमालाचं टोक चावत होती.

अनारकुलच्या मनात नाही नाही ते येत होतं. म्हाताऱ्याला गाडी सापडलीच नाही तर? कुबातनं फ्रिज बंद ठेवला असेल तर? डबी उन्हात उघडली असेल तर? लाल औषधाचं नुसतं लाल पाणी झालेलं असेल. 

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटकात मेंढ्यांचा ट्रक शिरला. मेंढ्यांसकट. चालकाच्या शेजारून एक उंच म्हातारा उतरला. डोक्यावर पांढरी लोकरी नमद्याची टोपी, बूट चिखलानं माखलेले. लशींची शीतपेटी त्यानं छातीशी धरली होती. जिना चढताना तो धापा टाकत होता, पण पेटी त्यानं कुणाला घेऊ दिली नाही.

"तो कुबात म्हणतो, मी रविवारी देणारच होतो की!" म्हातारा वर येता येता ओरडला. "चाबूकच उगारला मी त्याच्यावर. बिचाऱ्याची चूक नव्हती म्हणून सोडला. त्याचा फ्रिज मात्र चालू होता, मी हात घालून बघितलंय. कुठेय पोर?"

डॉक्टरनं पेटी उघडली. आत डबी, डबीशेजारी थर्मामीटर. काटा जिथे हवा तिथेच होता. पडदे ओढून त्यानं चांदीचा कागद थोडा सोडवला. आतला लाल रंग जसाच्या तसा होता. "आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "चांगलं आहे."

बेर्मेतनं हात धुतले, सुई भरली. डॉक्टर सवयीनं वार वाचायला तोंड उघडणार, तोच अनारकुल मध्ये पडली.

"तू नाही. जिच्या हातात सुई तिनं वाचायचं. बाळाचं नाव, औषधाचं नाव, वार. मोठ्यानं. आजपासून या वॉर्डात असंच चालेल."

"एजे," बेर्मेत पुटपुटली. सासरे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तिची मान खाली गेली, चेहरा लालबुंद झाला. "बाळाचं नाव अरुके. औषध… घडण बदललेलं ब-बारा. आणि वार…"

सुई हातात तशीच राहिली. अरुकेचा श्वास अडखळत होता. बात्मा आपानं जपमाळ थांबवली.  सासरेबुवांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते खाकरले.

"म्हण, पोरी."

"नाही हो, कसं म्हणू?"

"मी घोड्यावर चढलो ते कशासाठी? घरी वीस माणसं मला रोज हाका मारतात, कुणी पैशासाठी, कुणी भांडणासाठी. एकदा या पोरीसाठी मार की."

बेर्मेतनं डोळे मिटले. मग उघडले, डबीवरचा शब्द नीट पाहिला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"शार्शेंबी!"

"ओ!" म्हातारा म्हणाला.

आणि बेर्मेतनं सुई टोचली. इतका वेळ निपचित पडलेल्या अरुकेनं ओठ काढले आणि टाहो फोडला.